पट आणि पंतोजी

मृगाचें नक्षत्र जवळ आलें म्हणजे मावळांतील शेतकरी आभाळाकडे पाहूं लागतो, आणि त्याच दिवसांत त्याच गांवचा शिक्षक गांवाकडे पाहूं लागतो. पाऊस केव्हां आणि किती पडेल ही एकाची चिंता. शाळेंत मुलें किती येतील ही दुसऱ्याची. दोघांच्याहि वर्षाचा आरंभ स्वतःच्या हातीं नसलेल्या गोष्टीवर अवलंबून असतो. शेतकऱ्याच्या चिंतेविषयीं आपल्या वाङ्मयांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. शिक्षकाच्या चिंतेलाहि बराच जुना इतिहास आहे. पण तो अहवालांत, कायद्यांत आणि सरकारी पत्रांत विखुरलेला असल्यामुळें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या आधारानें तो एकत्र मांडून पाहावा, एवढाच आमचा येथें उद्देश आहे.

हे दोन तालुके पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या अगदीं अंगाला लागून आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी या नद्यांनीं डोंगर कापून ज्या अरुंद दऱ्या केल्या, त्यांनाच आपण खोरीं किंवा मावळें म्हणतों. हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरें, कानद खोरें हीं नांवें शिवकालाचा इतिहास वाचणाऱ्यास परकीं नाहींत. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे किल्ले याच मुलखांतले. मार्च २०२४ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय घेतला. पण कारभाराला तें नांव अगदींच नवें नव्हतें. भोर संस्थानांत राजगड, प्रचंडगड आणि विचित्रगड हीं तालुक्यांचींच नांवें होतीं. त्यांत प्रचंडगड म्हणजे तोरणा आणि विचित्रगड म्हणजे रोहिडा. प्रस्तुत लेखाचा संबंध मुख्यतः मागील काळाशीं असल्यानें आम्ही वेल्हे हेंच नांव ठेविलें आहे.

या मुलखाची ठेवण लक्षांत घेतल्यावांचून तेथील शाळेची गोष्ट समजणार नाहीं. देशावर गांव म्हणजे एके ठिकाणीं दाटीनें बसलेलीं घरें. मावळांत गांव म्हणजे एक मुख्य वस्ती, आणि डोंगराच्या उतारावर, ओढ्यापलीकडे, खिंडीच्या तोंडाशीं पसरलेल्या वाड्या. एका वाडीपासून दुसरी कोसभरहि दूर नसेल. पण आषाढ-श्रावणांत मधला ओढा भरून वाहूं लागला कीं तेवढें अंतरहि तोडवत नाहीं. भातखाचराचा बांध हीच कित्येक ठिकाणीं पायवाट. अशा मुलखांत एकच शाळा काढली तर ती कोणा ना कोणा वाडीपासून लांब पडते, आणि वाडीवाडीला काढली तर मुलें थोडीं मिळतात. मावळांतील प्राथमिक शिक्षणाचा सारा पेच या दोन वाक्यांत आला.

इंग्रजी अमलाच्या आरंभीं मुंबई इलाख्यांत देशी शाळा किती आहेत याची चौकशी एल्फिन्स्टनसाहेबाच्या काळांत सुरू झाली. १८२९ सालच्या माहितीप्रमाणें इलाख्यांत १,७०५ शाळा व त्यांत ३५,१४३ विद्यार्थी असल्याचें नमूद झालें. लोकसंख्या ४६,८१,७३५ धरलेली होती. पंतसचिवांचा मुलूख कंपनीच्या प्रत्यक्ष अमलाखालीं नव्हता, म्हणून हे आंकडे भोरचे म्हणून देतां येणार नाहींत. तथापि त्या काळच्या शाळेचें सर्वसाधारण मान त्यांवरून कळतें. आम्हीं एक साधा भागाकार करून पाहिला. दर शाळेस सरासरी वीस-एकवीस मुलें पडतात. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

त्या काळची शाळा म्हणजे इमारत नव्हे. पंतोजी बसतील ती शाळा. देवळाचा सभामंडप, एखाद्या सधन गृहस्थाची ओसरी, नाहींतर पंतोजींचें स्वतःचें घर. धुळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मोडी वळण घोटावयाचें, पावकी-निमकी आणि सवायकी-दिडकी तोंडपाठ म्हणावयाची. एवढ्यांत कुळकर्ण्याच्या किंवा दुकानदाराच्या कामापुरती विद्या पुरी होई. पंतोजींस मुलांमागें थोडे पैसे, कांहीं धान्य, सणावारीं शिधा मिळे. पीक बुडालें कीं शिधा आटे. लावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत मुलें शेतावर गेलीं कीं शाळा ओस पडे. वर्षारंभींची अनिश्चितता त्याहि काळीं होतीच. परंतु मुलें थोडीं आहेत, सबब शाळा बंद करा, असें म्हणणारा कोणी वरिष्ठ पंतोजींच्या डोक्यावर नव्हता. दहा मुलें आलीं तर दहांची शाळा, पंधरा आलीं तर पंधरांची.

या जुन्या शाळेचें फाजील कौतुक मात्र आम्ही करणार नाहीं. तिच्यांत मुली जवळजवळ नव्हत्या; आणि ज्यांच्या श्रमावर गांव चाले त्यांतील पुष्कळ जातींच्या मुलांस तिचा उंबरठा बंद होता. पंतोजींपुढें बसलेल्या मुलांपेक्षां न बसलेल्या मुलांची संख्या किती तरी मोठी होती, आणि तिची विचारपूस करणें हें कोणाचेंच काम नव्हतें.

पट हा सरकारी कागद झाला तो शिक्षक सरकारी पगारदार झाल्यावर. भोरला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यांत कॅप्टन शॉर्टरीड या अधिकाऱ्यानें गांवोगांव मराठी शाळा काढविल्या होत्या. १८४० सालीं बोर्ड ऑफ एज्युकेशनची स्थापना झाली तेव्हां पुरंदरच्या अशा ६३ शाळा त्या मंडळाकडे आल्या. देशी शाळेचें वळण कायम ठेवून पंतोजीस थोडा परंतु नियमित पगार द्यावयाचा, हें त्या योजनेचें मुख्य सूत्र होतें. पुढें १८५४ सालच्या वूडच्या खलित्यानंतर शिक्षणखातें निघालें. १८६३ पासून सुरू झालेल्या लोकल फंडांत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा गोळा होऊं लागला व त्यांतील एक भाग शाळांकडे जाऊं लागला. ट्रेनिंग कॉलेज, क्रमिक पुस्तकें, तपासणीस येणारे डेप्युटी हे सर्व मागोमाग आलें. पगाराच्या पाठोपाठ हिशेब येणें क्रमप्राप्तच होतें. धान्याच्या चिंतेंतून पंतोजी सुटला, पण हजेरीच्या चिंतेंत पडला. पूर्वीं मुलें कमी झालीं तर त्याची मिळकत कमी होई. आतां मुलें कमी झालीं तर त्याचें शिकविणेंच संशयास पात्र होऊं लागलें.

हा पगार तरी पोटापुरता होता काय? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शिक्षकाचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं तो पंधरा-वीस रुपये असावा, असें मागितलें. महसूल भरतो शेतकरी, आणि त्या पैशांतील मोठा हिस्सा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार. आणि शेतकऱ्यांतूनच शिक्षक तयार व्हावेत हा त्यांचा आग्रह. मावळांतील शाळेचा विचार करतांना या आग्रहाची किंमत विशेष कळते. कारण भातलावणीच्या आठवड्यांत मूल शाळेंत कां आलें नाहीं, हें ज्याच्या घरीं भात लावला जातो त्यास सांगावें लागत नाहीं.

यानंतरची पायरी गोपाळ कृष्ण गोखले यांची. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत मांडलें. एक वर्षानें तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं नापास झालें. या बिलांतील एक तरतूद आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या भागांत ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील तेथेंच सक्ती लागू करण्याची मुभा तींत होती. म्हणजे आंकड्याची अट गोखल्यांच्याहि योजनेंत होतीच. परंतु त्या आंकड्यापर्यंत पोंचल्यावर अधिक मुलांकरितां शाळेचें दार उघडावयाचें होतें. त्याच्या खालीं गेल्यास असलेली शाळा बंद करावी, असा विचार त्यांत नव्हता.

भोरचा संसार या सर्व काळांत निराळा चालला होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत शंकराजी नारायण यांस सचिवपद मिळालें, आणि पुढें त्यांच्या वंशाकडे हा मुलूख राहिला. संस्थानांतील शिक्षकाचा धनी पुण्यास किंवा मुंबईस नव्हता. तो भोरास होता. त्या राजवटीची आठवण भोर येथील राजा रघुनाथराव विद्यालयाच्या नांवांत आजहि आहे. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर भोर मुंबई प्रांतांत विलीन झालें. भोर-वेल्ह्याचा भाग पुणें जिल्ह्यांत आला, घाटाखालील सुधागड कुलाबा जिल्ह्याकडे गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनीं जून आला.

विलीनीकरणाची कथा आपण सामान्यतः सह्या आणि तनखे यांच्यापाशीं संपवितों. डोंगरांतील शाळेच्या ओट्यावरून पाहिलें असतां ती तेथें सुरू होते. तोच वर्ग, तींच मुलें, तोच फळा. पण धनी बदललेला. जुन्या नोकरीचीं वर्षें नव्या नोकरींत धरलीं जातील काय, पगार कोणत्या दरानें मिळेल, बदली आतां जुन्या हद्दीच्या बाहेर कोठवर होईल, हे प्रश्न त्या वर्षीं संस्थानी नोकरांपुढें ठिकठिकाणीं उभे होते. त्यांत मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा १९४७ सालचा, म्हणजे तोहि नुकताच झालेला. ही घडी बसते न बसते तोंच जिल्हा परिषदा निघाल्या, आणि १ मे १९६२ पासून या शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणजे १९४८ पूर्वीं संस्थानच्या चाकरींत लागलेल्या तरुण शिक्षकानें पंधरा वर्षांच्या आंत एकाच फळ्यापुढें उभें राहून तीन राजवटी पाहिल्या.

कारभाराच्या या उलाढालींहून पाण्यानें घडविलेली उलाढाल मोठी आहे. वेळवंडी नदीवर भाटघर येथें जुन्या बंधाऱ्याच्या जागीं मोठें लॉइड धरण १९२८ सालीं पुरें झालें. आंबी नदीवरील पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें. त्या दिवशीं पुणें शहराचें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. पण पानशेत हें गांव वेल्हे तालुक्यांत आहे, आणि शाळा सुरू होऊन त्या वेळीं महिनाच झाला होता, ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं. तें धरण पुन्हां बांधलें गेलें. पुढें नीरा-देवघर आणि गुंजवणी हींहि धरणें झालीं. धरणाचें पाणी खालच्या उंसास आणि शहरास जातें. खोऱ्याच्या तळचीं सपाट शेतें आणि भरवस्तीचीं गांवें पाण्याखालीं जातात, लोकांस दुसरीकडे जमिनी मिळतात, आणि काठावर उरतात त्या उंचावरच्या वाड्या. पूर्वीं ज्या वाडीचा गांवाशीं नदीपात्रांतून सरळ संबंध होता, तिला आतां जलाशयाला वळसा घालून जावें लागतें. त्यांत तरुण माणसें मुंबईस, पुण्यास कामाला. बरींच कुटुंबेंहि त्यांच्या मागोमाग जातात. शाळेचा पट रोडावतो तो या कारणांनीं. शिक्षक चांगला कीं वाईट, याचा त्याशीं संबंध थोडा.

याच्या उलट कायद्याची दिशा मात्र शाळा मुलाजवळ नेण्याची होती. २०००-०१ च्या सुमारास महाराष्ट्रांत वस्तीशाळा निघाल्या त्या याच हेतूनें. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरविले, आणि राज्याच्या नियमांनीं पहिली ते पांचवीसाठीं एक किलोमीटरच्या आंत, सहावी ते आठवीसाठीं तीन किलोमीटरच्या आंत शाळा असावी असें म्हटलें. परंतु हक्क अंतरानें मोजला गेला, तरी शिक्षकांचीं पदें आंकड्यानेंच मोजलीं जात राहिलीं. दर वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं पटावर जीं मुलें असतील त्यांवरून संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळावयाचे हें, ठरतें. ऑक्टोबर २०११ मध्यें तर ३ ते ५ तारखेपर्यंत साऱ्या राज्यांत एकदम पटपडताळणी झाली आणि मुलांच्या बोटांस मतदारांप्रमाणें शाई लावण्यांत आली. खोटा पट भरणाऱ्या शाळा होत्या, आणि त्या उघडकीस येणें योग्यच होतें. तथापि सात मुलांच्या शाळेंत सातांच्या सात बोटांना शाई लावून घेणाऱ्या वाडींतील शिक्षकास तो दिवस कसा गेला असेल, याचीहि कल्पना करावी.

म्हणून येथील शिक्षकाची नव्या वर्षाची तयारी मुलें येण्यापूर्वींच सुरू होते. अंगणवाडीच्या यादींतून सहा वर्षें पुरीं होणारीं मुलें शोधावयाचीं. घरोघर जाऊन पालकांस भेटावयाचें. अलीकडच्या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांत तीं मुलें येतील असें पाहावयाचें. पावसापूर्वीं छपराचे पत्रे आणि कौलें तपासावयाचीं. पुस्तकें आणि तांदूळ वाट बंद होण्याआधीं वर पोंचवावयाचे. दोन शिक्षकांनीं पांच इयत्ता सांभाळावयाच्या असल्यानें पहिलीस अक्षरें देतांना चौथीस कोणतें गणित घालून ठेवावें, याचेंहि टांचण करून ठेवावें लागतें. हें सर्व झाल्यावर एखादें कुटुंब जुलैंत शहराकडे गेलें, दोन मुलांचे दाखले निघाले, कीं सप्टेंबरचा हिशेब चुकतो. भरींत बदल्यांची टांगती तलवार. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयानें जिल्ह्यांतील शाळांचीं सर्वसाधारण आणि अवघड अशीं दोन क्षेत्रें मानलीं. अवघड क्षेत्रांत राहिलेल्यास पुढें सोईची जागा मिळावी हें न्याय्यच. पण मुलांची ओळख पुरती होते न होते तोंच शिक्षक बदलावा, ही वाडीची जुनी रड त्यानें मिटली नाहीं.

या सर्व अनिश्चिततेचा कळस २०२० सालीं झाला. मार्चांत साथीमुळें शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोंकणकिनाऱ्यास धडकलें, आणि त्याचा तडाखा पुणें जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यासहि बसला. १५ जूनला वर्ष सुरू झालें, परंतु शाळा उघडली नाहीं. टप्प्याटप्प्यानें वर्ग उघडण्याचें वेळापत्रक निघालें, तें पाळतां आलें नाहीं. नववीच्या पुढील वर्गांस २३ नोव्हेंबर, पांचवी ते आठवीस २७ जानेवारी २०२१. आणि पहिली ते चौथीच्या मुलांस १ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. जानेवारींत त्या पुन्हां कांहीं दिवस बंदच. शहरांत शिक्षण पडद्यावर आलें. ज्या खोऱ्यांत भ्रमणध्वनि लागण्यासाठीं टेकाड चढावें लागतें तेथें तें यावें कसें? २० जुलै २०२० पासून सह्याद्रि वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, तिचा आधार कांहींस झाला. बाकी ठिकाणीं गृहपाठाचे कागद घेऊन वाडीवाडीनें हिंडणें आणि चार-चार मुलांस देवळाच्या मंडपांत अंतर ठेवून बसविणें, हाच उपाय उरला. दोनशें वर्षांपूर्वींच्या पंतोजींची शाळा त्या एका वर्षापुरती परत आली. इमारत नाहीं, शिक्षक जेथें बसेल ती शाळा. लहान पटाच्या शाळेचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यानें तें वर्ष विसरूं नये. जो शिक्षक वाडींतल्या प्रत्येक मुलाचें घर ओळखत होता, त्यालाच तें साधलें.

आतां त्या वीसच्या आंकड्याकडे वळूं. २१ सप्टेंबर २०२३ रोजीं शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयानें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. त्या वेळीं राज्यांत अशा १४,७८३ शाळा असून त्यांत सुमारें १ लाख ८५ हजार मुलें असल्याचें प्रसिद्ध झालें. नमुना म्हणून दोन ठिकाणें दाखविलीं होतीं: नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ, आणि दुसरें वेल्हे तालुक्यांतील पानशेत. आजूबाजूच्या लहान शाळांतील मुलें गाडीनें पानशेतास आणावयाचीं आणि तेथें पुरेसे वर्ग, पुरेसे शिक्षक, खेळ व साधनें द्यावयाचीं, अशी ती कल्पना.

या कल्पनेंत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. चौथींत एकटीच मुलगी असेल तर तिला बरोबरीनें वाचणारें, चुकणारें, भांडणारें कोणी नसतें. खेळाचे दोन गट पडत नाहींत. शिक्षकासहि चर्चा करावयास दुसरा जाणता माणूस नसतो. मोठ्या शाळेंत हें सर्व मिळतें, आणि जेथें बारमाही रस्ता आहे, अंतर थोडें आहे, गाडी नेमानें येते, तेथें मूल तिकडे पाठविण्यांत त्याचें हितच आहे. आमचा आक्षेप आंकड्याच्या उंबरठ्यास आहे. १८२९ सालीं या इलाख्यांतील शाळेची सरासरी वीस-एकवीस मुलांची होती. म्हणजे आजची रेषा ज्या जागीं ओढली आहे, नेमक्या त्याच जागीं. त्या काळीं वीस मुलांच्या शाळेस कोणी अपुरी म्हटलें नाहीं. आणि त्या वीसांत मुली नव्हत्या, दलितांचीं मुलें नव्हतीं. आज वाडींतल्या आठ-दहांच्या पटावर जीं नांवें आहेत, त्यांत वस्तींतील प्रत्येक घर आलेलें असतें. लहान दिसणारा हा पट जुन्या पटाहून खरें पाहतां पूर्ण आहे.

डोंगराळ मुलखाचा हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. जपाननें १९५४ सालीं दुर्गम भागांतील शिक्षणासाठीं स्वतंत्र कायदा केला आणि तेथें काम करणाऱ्या शिक्षकांस विशेष भत्त्याची सोय केली. त्यामागील तत्त्व असें कीं, देशावरचें माप डोंगराला लावूं नये. आपणांसहि तें घेण्यासारखें आहे. शाळा बंद करण्यापूर्वीं पटाबरोबर वाटहि मोजली जावी, आणि ती मे महिन्यांत मोजूं नये, आषाढांत मोजावी. सहा वर्षांच्या मुलास ओढा कोण ओलांडून देणार, गाडी न आल्यास तें दिवसभर कोठें राहणार, पांचवीनंतर मुलीस घरीं बसविलें जाणार काय, या प्रश्नांचीं उत्तरें त्या वाडीच्या शिक्षकास ठाऊक असतात. निर्णयाच्या कागदावर त्याचा अभिप्राय घेण्यासाठीं एक रकाना असावा, एवढी आमची सूचना आहे.

तें होईल तेव्हां होवो. तोंवर येत्या जूनलाहि कानद खोऱ्यांतील कोणी शिक्षक घरोघर फिरून नांवें टिपील आणि पांचहि इयत्तांचें टांचण तयार करील. पुढच्या वर्षीं शाळा राहील कीं नाहीं हें माहीत नसतांना या वर्षींचा पहिला धडा नीट शिकविणें, हें त्याचें काम आहे, आणि तें आजवर बिनबोभाट होत आलें आहे. त्याच्या बाजूनें दोन शब्द बोलणें हें मात्र आपणां वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचें काम आहे.